धीर देणारीला धीर कोण देणार?

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले आणि तिथे एका खेळाची ओळख झाली. फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्यातल्या एका गाणाऱ्या पात्राने मला जे दाखवलं, ते इतकी वर्षं समोर असूनही मला दिसलं नव्हतं.

"आई, शनिवारी संध्याकाळी माझे चौघं मित्रमैत्रिणी येणार आहेत. आम्ही खेळायला बसू."

लेक असं म्हणाली आणि माझ्या हातातली पळी हातातच राहिली. बाळ जेमतेम सात आठवड्यांचं. ओली बाळंतीण. बाहेर गुडघाभर बर्फ. आणि हिला खेळ सुचतोय! कराडहून निघताना मी डिंक, खारीक, हळीव, बाळंतशेपा, सगळं नीट पुड्या बांधून आणलं होतं. कानाला बांधायला रुमालसुद्धा घेतले होते. खेळ मात्र माझ्या यादीत कुठेच नव्हता.

"खेळायला म्हणजे? पत्ते का?"

"नाही गं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स. सातव्या महिन्यापर्यंत जात होते की मी. तुला फोनवर सांगितलंही होतं."

सांगितलं असेल. मी ऐकलं नव्हतं, एवढं खरं.

ही २०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. लेक-जावई मिलवॉकीला राहतात. विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठावरचं हे शहर. मी सहा महिन्यांसाठी गेले होते. नोव्हेंबरात नात झाली, सगळं सुखरूप पार पडलं. पण पंधरा दिवसांतच मला वाटायला लागलं की काहीतरी बिनसलंय. लेक बाळाचं सगळं वेळच्या वेळी करत होती, पण बोलत नव्हती. विचारलं की "काही नाही, ठीक आहे." न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसून राहायची. डोळे लाल करून बाहेर यायची. मी आपली समजूत घालायची, "अगं, होतं असं पहिलटकरणीला. आम्ही नाही का काढले दिवस?" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन! आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तर, खेळाला मी नाही म्हटलं नाही. चार माणसं घरात येतील, पोरगी जरा हसेल तरी, एवढाच विचार.

ना पट, ना सोंगट्या

शनिवारी चौघंजण आले. त्यातली एक प्राथमिक शाळेत शिकवणारी, एक हॉस्पिटलात नर्स, दोघं लेकीच्या ऑफिसातले. टेबलावर कागद, पेन्सिली, चिप्सची पाकिटं आणि रंगीबेरंगी फाशांचा ढीग. आपल्याला सहा बाजूंचा फासा माहीत. इथे चार, आठ, दहा, बारा आणि चक्क वीस बाजूंचेही फासे! मी नातीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले.

खेळ असा. एकजण सूत्रधार होतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. आमच्याकडे त्या शिक्षिकाबाई होत्या. त्या गोष्ट सांगायला लागतात: "तुम्ही जंगलातून चाललात, समोर खोल दरी आहे, पूल तुटलाय. काय करता?" बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन बसलेले. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी देवाचा उपासक, कुणी चोर. पात्राची ताकद, चपळाई, शहाणपण, बोलण्याची छाप, सगळ्याचे आकडे समोरच्या कागदावर लिहिलेले. "मी उडी मारतो," असं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या गुणाचा आकडा मिळवायचा. ठरलेली संख्या गाठली तर पार, नाहीतर पडलात दरीत! मग गोष्ट तिथून पुढे. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सगळे मिळून एकच गोष्ट पुढे नेतात, शनिवारमागून शनिवार, कधी कधी वर्षानुवर्षं.

हा खेळ १९७४ साली बाजारात आला. त्याचं जन्मगाव लेक जिनिव्हा मिलवॉकीहून तासाभराच्या रस्त्यावर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि तो घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून संसाराला हातभार लावत होता. पहिल्या फक्त हजार प्रती छापल्या, पेट्या हातानेच भरल्या. त्या वर्षभराच्या आतच खपल्या. पुढे हा खेळ जगभर गेला.

सुरुवातीला हा पुरुषांचाच अड्डा होता, हेही सांगायला हवं. १९७८ च्या नियमपुस्तकात तर स्त्री पात्राची ताकद एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही, असं छापलेलं होतं! आग ओकणारा ड्रॅगन चालतो, पण ताकदवान बाई चालत नाही, हे काय गणित? १९८९ च्या आवृत्तीत तो नियम गेला. बायका मात्र त्याच्या आधीपासून या खेळात होत्या. जीन वेल्स १९७९ साली कंपनीच्या खेळ रचणाऱ्या विभागात रुजू झाली, तिथली ती पहिली स्त्री. आजही गाजणारी 'रेव्हनलॉफ्ट' ही १९८३ ची भुताळी साहसकथा लॉरा हिकमन आणि तिचा नवरा ट्रेसी यांनी मिळून लिहिली.

"बार्ड म्हणजे काय गं?"

"आणि तू कोण आहेस यात?" मी लेकीला विचारलं.

"मी बार्ड."

"बार्ड म्हणजे काय गं?"

"शाहीर म्हण ना. गाणी रचते, गोष्टी सांगते, लढाईत बाकीच्यांना हिंमत देते. आणि आई, तिचं नाव मी आजीचं ठेवलंय."

म्हणजे माझ्या आईचं! माझी आई शाळेत गेली नव्हती. पण पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओव्या संपायच्या नाहीत. भावाला, लेकीला, विठोबाला, कुणाकुणाला उद्देशून ती गायची. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात माझ्या आईसारख्या कितीतरी जणी आहेत. सातासमुद्रापार एका खेळाच्या कागदावर माझ्या आईचं नाव बघून माझे डोळे भरून आले. नातीचं तोंड पुसायचं निमित्त केलं झालं.

खरे बार्ड म्हणजे आयर्लंड-वेल्सकडचे राजकवी. राजांच्या वंशावळी आणि पराक्रम त्यांना मुखोद्गत असत. त्यांच्या स्तुतीपेक्षा निंदेला राजे जास्त घाबरत. बार्डने निंदाकाव्य म्हटलं की राजाच्या तोंडावर फोड येतात, अशी आयर्लंडात समजूतच होती. वेल्समध्ये आजही राष्ट्रीय काव्यमहोत्सवात सर्वश्रेष्ठ कवीला समारंभाने मानाच्या खुर्चीवर बसवतात.

खेळात हे पात्र १९७६ साली आलं. डग श्वेगमन नावाच्या गृहस्थाने कंपनीच्या पत्रिकेत ते मांडलं. पण मान मिळायला बरीच वर्षं गेली. १९७८ च्या पुस्तकात बार्डला जागा मिळाली ती शेवटी, परिशिष्टात. आधी योद्धा व्हा, मग चोर व्हा, आणि मग कुठे बार्ड! २००८ ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा पहिल्या पुस्तकातून त्याला वगळलंच, पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात घेतलं. खेळणाऱ्यांमध्येही त्याची थट्टा चालायची. बाकीचे लढतात आणि हा आपला वाजवत बसतो! दिवसभर घर सांभाळणाऱ्या बाईला "तू करतेस तरी काय?" विचारतात ना, तसलाच प्रकार. २०१४ च्या आवृत्तीत मात्र बार्ड पुरता मोठ्या जादूगाराच्या तोडीचा झाला. लेकीच्या टेबलावर तेच पुस्तक होतं.

सहा बाजूंचा धीर

त्या शनिवारी नर्सबाईंच्या योद्ध्याला तुटक्या पुलावरून उडी मारायची होती. लेकीने सहा बाजूंचा एक छोटा निळा फासा उचलला, टेबलावरून तिच्या हातात ठेवला आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "तू याहून मोठी दरी ओलांडली आहेस. मी पाहिलंय. मार उडी."

बार्डची खरी ताकद ही. तो स्वतःचा फासा दुसऱ्याला देतो. दुसऱ्याला ते शब्द ऐकू आले पाहिजेत, ही अट. मग पुढच्या दहा मिनिटांत कधीही त्या माणसाने तो फासा टाकून आपल्या आकड्यात मिळवायचा. नर्सबाईंचा मोठा फासा कमी पडला होता. त्यांनी निळा टाकला, पाच पडले. पार! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र लेकीकडे बघत होते. पाठ ताठ, आवाज खणखणीत. महिन्याभरात तो आवाज मी ऐकलाच नव्हता. आणि मनात आलं, धीर ही अशी मोजता येणारी वस्तू आहे? आपण आयुष्यभर देत आलो. नवऱ्याची नोकरी अडचणीत आली तेव्हा, मुलांच्या परीक्षांना, सासऱ्यांच्या आजारपणात. कुणी कधी त्याची नोंद ठेवली का? इथे तर समोर फासा, त्यावर आकडा, आणि समोरचा "तुझ्यामुळे वाचलो" म्हणतो!

माझा उखाणा आणि राक्षस

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी लेक फार दमलेली होती. नात सोफ्यावर तिच्या कुशीत झोपलेली. "आई, आज माझ्या जागी तू बस," ती म्हणाली. "अगं, मला काय येतंय?" म्हणेपर्यंत तिचा कागद माझ्यापुढे सरकवलासुद्धा.

वाटेत एक धिप्पाड राक्षस आडवा आला. शिक्षिकाबाईंनी मला समजावलं की बार्डकडे एक मंत्र असतो, शत्रूला असा टोमणा मारायचा की तो मनाने घायाळ होतो. त्याने स्वतःला सावरलं नाही तर चार बाजूंच्या फाशाएवढी इजा होते आणि त्याचा पुढचा वार डळमळतो. "पण माझं इंग्रजी तेवढं नाही," मी म्हटलं. त्यांनी पुस्तक उघडून नियम वाचला. शत्रूला ऐकू आलं पाहिजे, समजलंच पाहिजे असं नाही!

मग काय? मंगळागौरीला रात्र जागवलेली बाई मी. उठून उभी राहिले आणि ठणकावलं:

"अंगापिंडानं डोंगर, अकलेनं खडा,
आईनं खाऊ घातलं, भरला नुसता घडा!"

लेकीने सोफ्यावरूनच इंग्रजीत अर्थ सांगितला आणि हास्याचा स्फोट झाला. फासा पडला, राक्षस गडबडला. लेकसुद्धा पोट धरून हसत होती. गंमत म्हणजे हे टोमणे कितीही मारता येतात, त्याला मर्यादा नाही. नियम लिहिणाऱ्याने आपल्याकडची एकत्र कुटुंबं पाहिली असावीत!

धीराचं मात्र तसं नाही. माझ्या कागदावर तीनच फासे होते. एक योद्ध्याला दिला, एक जादूगाराला, एक चोराला. लढाई रंगात आली आणि योद्धा पुन्हा अडचणीत सापडला. मी चौथा फासा उचलायला गेले.

"संपले," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "आता मोठी विश्रांती घेतल्याशिवाय नाही."

"मोठी विश्रांती म्हणजे?"

सलग आठ तासांची. त्यात झोप हवी, फार तर थोडं बसल्या जागचं हलकं काम. मध्ये तासभर चालणं, लढणं असं काही करावं लागलं तर ती मोडली. पहिल्यापासून सुरुवात.

"बरं, मग मी स्वतःलाच एक देते."

तेही नाही म्हणे. बार्डला फासा फक्त दुसऱ्याला देता येतो, स्वतःला नाही.

"हा कुठला न्याय?" मी म्हटलं. सगळे हसले. आणि सोफ्यावरून लेक म्हणाली, मराठीतच, "आई, मला तीन महिने मोठी विश्रांती मिळालेली नाही."

ती हसत हसत म्हणाली. पण वाक्य संपता संपता हसू संपलं आणि रडू आलं. थांबेचना. नात जागी झाली, तिला जावयांनी उचलून आत नेलं. नर्सबाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, लेकीशेजारी जाऊन बसल्या. हळू आवाजात तीन-चार प्रश्न विचारले. बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप लागत नाही का? कशातच मन लागत नाही का? आपण वाईट आई आहोत असं वाटतं का? लेक प्रत्येकाला मान हलवत होती. मी उभी राहून बघत होते. यातला एकही प्रश्न मी, तिच्या जन्मदात्रीने, तिला विचारला नव्हता. मी फक्त लाडू वळत होते.

नाव असलेलं दुखणं

सोमवारी डॉक्टरकडे गेलो. बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं त्यांनी सांगितलं. औषधं सुरू झाली, समुपदेशन सुरू झालं. रात्रींची वाटणी झाली. चार रात्री जावयांनी बाळाचं बघायचं, काढून ठेवलेलं दूध पाजायचं. दोन रात्री मी. लेकीने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. एरवी "जावयाने रात्री उठायचं?" म्हणून मीच कुरकुर केली असती. पण आता मला नियम माहीत होता. फासे रिकामे झाले की नुसतं "धीर धर" म्हणून ते भरत नाहीत.

खेळाने दुखणं बरं झालं, असं मी म्हणणार नाही. ते उपचारांनी, झोपेने आणि दिवसांनी बरं होत गेलं. पण "ठीक आहे"च्या पलीकडचं वाक्य तिच्या तोंडून निघालं, ते त्या टेबलामुळे. स्वतःबद्दल जे सांगता येत नव्हतं, ते बार्डच्या नियमातून सांगता आलं.

मैत्रिणींनो, हे दुखणं अमेरिकेतलं नाही बरं का. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगात बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि तो मुख्यतः नैराश्याचा असतो. विकसनशील देशांत हेच प्रमाण जवळपास २० टक्के. म्हणजे पाच जणींत एक! आपल्याकडे त्याला "बाहेरचं" म्हणतात, नाहीतर "नखरे". घरात अशी कुणी असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. सरकारची 'टेलि मानस' ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे, क्रमांक १४४१६.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि आम्ही सगळे लेक जिनिव्हाला जाऊन आलो. छोटंसं गाव, निळंशार तळं. नात बाबागाडीत, लेक माझा हात धरून. त्याच सुमाराला या खेळावरचा मोठा सिनेमाही लागला होता आणि त्याचा नायक बार्डच होता. परिशिष्टातला थेट पडद्यावर आला म्हणायचा.

कराडात दोन बार्ड

परत आल्यावर भिशीत मी हे सगळं सांगितलं. "आपणही खेळून बघू," मैत्रिणी म्हणाल्या. फार काही लागत नाही. चार-पाच जणी, वही, पेन्सिल, आणि एक सूत्रधार जिला गोष्ट सांगता येते. मूळ नियम कंपनीने २०२३ मध्ये सगळ्यांना वापरायला मोफत खुले केले आहेत, घरातल्या कुणा कॉलेजकुमाराला ते मोबाईलवर शोधून द्यायला सांगा. वीस बाजूंचा फासा नसेल तर डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घाला. भिशीच्या बायकांना चिठ्ठ्या काढायला का शिकवायचं असतं?

गोष्टही आपलीच घेतली. सह्याद्रीतला गड, पावसाळी रात्र, बुजलेलं भुयार. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. सगळं तीच करते. तिने मागून बार्ड घेतला. तासाभरात तिचे तिन्ही फासे वाटून झाले. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि मला गं कोण देणार?"

मी नियम सांगितला, स्वतःला देता येत नाही. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग शेजारी बसलेली म्हणाली, "पण दुसऱ्या बार्डला देता येतो ना?"

येतो की! नियमात कुठेही आडकाठी नाही. तिने तिथल्या तिथे आपला योद्धा खोडला आणि कागदावर बार्ड लिहिलं. डब्यातून एक फासा काढून मैत्रिणीच्या तळहातावर ठेवला.

आता दर महिन्याला आमच्या खेळात दोन बार्ड असतात. आणि दोन गुरुवारी दुपारी, खेळ नसला तरी, ती दुसरी पहिलीच्या सासूबाईंजवळ जाऊन बसते. पहिली तेवढ्यात दोन तास झोपते.